खुर्चीला आवाज बसवणे

मुलांनी आपल्यावर प्रेम जरूर करावं, पण आधी विचारून करावं, असं माझं आता पक्कं मत झालं आहे.

मी बहिणीकडे थोडे दिवस राहायला गेले होते. परत आले, दारात चपला काढल्या आणि समोर बघते तर बाहेरच्या खोलीत, ऐन मधोमध, एक परकी खुर्ची. लाकूड असं चकचकीत की त्यात माझी पिशवी दिसत होती. खुर्चीच्या एका बाजूला माझा मुलगा, दुसऱ्या बाजूला सूनबाई. दोघंही शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलांसारखी उभी.

"ओळखा पाहू आई!" सूनबाई म्हणाली.

ओळखायला मला वेळ लागला, याचीच मला आधी लाज वाटली. ती ह्यांची खुर्ची होती. मागच्या खोलीत खिडकीपाशी वर्षानुवर्षं बसलेली, वेत सैल पडलेली, रंग उडालेली ह्यांची खुर्ची. तिला नवा वेत, नवं पॉलिश, आणि पायांना रबरी टोप्या. माणसाला जबरदस्तीने सूट घालून फोटोला बसवावं तशी ती दिसत होती.

"बस ना," मुलगा म्हणाला. "तू कधीच बसली नाहीस त्यात."

हे खरं होतं. हे गेल्यापासून त्या खुर्चीत कोणीच बसलं नव्हतं. मी मनाई केली नव्हती. फक्त कोणी बसायला लागलं की मी त्याच्याकडे बघायची, आणि तो माणूस आपणहून पलंगावर जाऊन बसायचा. मी स्वतःही बसले नव्हते. त्याला कारण होतं, आणि ते इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जो काही वेडेपणा केला त्याला वेडेपणा म्हणायच्या आधी तुम्ही थोडं थांबाल.

संध्याकाळी हे मागच्या खोलीत रेडिओ लावून बसायचे आणि मी स्वयंपाकघरात असायची. बातम्या संपल्या की तिकडून आवाज यायचा, कर्रर्र. हे उठले. तो आवाज आला की माझा हात आपोआप चहाच्या आधणाकडे जायचा. हे दारात येऊन उभे राहीपर्यंत पाण्याला उकळी फुटलेली असायची. "चहा टाक" असं ते मला आयुष्यात कधी म्हणाले नाहीत. न बोलता समजून घेण्याची आमच्या संसारात एवढी एकच गोष्ट होती. बाकी सगळं आम्ही बोलून समजून घेत असू, आणि बहुतेक वेळा ओरडून.

त्या आवाजाला एक शेपूटही होतं. कर्रर्र झालं की क्षणभराने खालून, आमच्या जमिनीला, ठक ठक. आमच्या खाली राहणारे गृहस्थ झाडूच्या दांड्याने त्यांचं छत ठोकायचे. त्या आवाजाचा त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांनी सोसायटीत रीतसर तक्रार केली होती, जिन्यात बोलणं सोडलं होतं, पण ठोकणं सोडलं नव्हतं. हे शांतपणे स्वयंपाकघराच्या दारात येत आणि म्हणत, "पोच आली." मग आम्ही चहा पीत असू.

ह्यांना कोणी विचारलं तर म्हणायचे, "खुर्ची म्हातारी झाली हो, माझ्याबरोबर." म्हणून तो आवाज खुर्चीचा, हे सगळ्या इमारतीला माहीत होतं. हे गेले, तेव्हा आवाज मात्र खुर्चीत आहे, असं मी धरून चालले होते. बँकेत ठेव असते तसा. मोडायचा नाही, पण आहे, या भरवशावर माझं बरं चाललं होतं.

तर मी बसले. आणि उठले.

काही नाही.

पुन्हा बसले. जरा जोरात उठले. खुर्ची एखाद्या नव्या नवऱ्यासारखी गप्प.

"बघितलंस?" मुलगा आनंदाने म्हणाला. "कुरकुर साफ बंद! बाबा असते तर किती खूश झाले असते!"

मी "छान झालीय हो" म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. भांडी काही नव्हती घासायला. नळ सोडला, इतकंच.

दोन दिवस मी गप्प राहिले. मी गप्प राहिले की घरातली माणसं घाबरतात, हा माझ्या आयुष्यातला मोठा आधार आहे. शेवटी सूनबाईने विचारलं आणि मी सांगून टाकलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, मुलाचा चेहरा पडला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावणं गेलं.

या सुताराला आमच्या इमारतीत सगळे 'गॅरंटी' म्हणतात, कारण त्याचं कुठलंही वाक्य त्या शब्दाशिवाय संपत नाही. तो आला, खुर्चीकडे बापाच्या नजरेने बघितलं आणि म्हणाला, "काय मावशी, आवाज करते का?"

"नाही करत."

"करणारच नाही! असा काढलाय आवाज, जन्मात परत येणार नाही. गॅरंटी."

"तोच परत घालायचाय," मी म्हटलं.

गॅरंटीने आधी माझ्याकडे, मग माझ्या मुलाकडे बघितलं. मुलगा खिडकीबाहेर बघायला लागला.

"मावशी, लोक माझ्याकडे आवाज बंद करून घ्यायला येतात. आवाज घालून द्या म्हणून आजवर कोणी आलं नाही. बाहेर कळलं तर माझ्या धंद्याचं काय होईल?"

"शिंप्याला उसवता येत नाही का?" मी म्हटलं. "तू काढलास ना आवाज? मग कुठून काढलास ते तुला ठाऊक असणार. तिथेच ठेव परत."

आवाज आपणच काढला, हे तो मघापासून स्वतःच छातीवर हात ठेवून सांगत होता. त्याने खुर्ची उलटी केली आणि स्क्रू सैल करायला सुरुवात केली.

पुढचे दिवस आमच्या घरी आवाजांच्या मुलाखती चालल्या होत्या. गॅरंटी एक सांधा ढिला करायचा, मुलगा बसून उठायचा, मी डोळे मिटून ऐकायची.

"कुंई."

"हे मांजर आहे."

"चिर्र."

"ही दाराची कडी."

"टक."

"हा माझा गुडघा होता आई," मुलगा म्हणाला.

एक आवाज तर इतका जवळ आला की मुलगा ओरडला, "हाच! हाच होता!" पण मला पटेना. "हा बसतानाचा वाटतो," मी म्हटलं. "त्यांचा उठतानाचा होता." गॅरंटीने हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला आणि चहा मागितला.

समोरच्या दारातल्या बाईंना आमच्याकडे काय चाललंय याची काळजी फार. त्या येऊन म्हणाल्या, "अहो, लाकूड वाळलं की आपोआप बोलतं. उन्हात ठेवा." आम्ही खुर्ची बाल्कनीत उन्हात ठेवली. संध्याकाळी त्यांचे भाचे आले. ते इंजिनिअर. त्यांनी बाल्कनीत डोकावून सांगितलं की ऊन चुकीचं, लाकडाला ओल द्यायला हवी. आम्ही ओला टॉवेल गुंडाळला. आजारी माणसाच्या कपाळावर पट्ट्या ठेवाव्यात तशी ती खुर्ची बाल्कनीत, आणि खालून जाणारे लोक वर बघून विचारत, "सगळं ठीक ना?" या उपचारानंतर नवा वेत फुगला, पॉलिशला पांढरे डाग पडले आणि खुर्ची एका पायावर डुगडुगायला लागली. आवाज नाहीच.

मग सूनबाईने फोन काढला. "आई, हा ऐका." तिने कुठून तरी करकरणाऱ्या दाराचा आवाज शोधून आणला होता. लांबलचक, शेवटी थरथरणारा. "बटण दाबलं की वाजेल. मी रोज संध्याकाळी वाजवत जाईन."

"म्हणजे तुझे सासरे आता भूत झालेत असं म्हणायचंय का तुला?"

ती इतकी हसली की मलाही हसावं लागलं. मुलगी गुणी आहे. त्याच हसण्याच्या ओघात तिने विचारून घेतलं, "आई, गॅरंटी येतोच आहे, तर मागच्या खोलीतली ती फळीही काढून टाकायची का? मला तिथे टेबल टाकता येईल. जाता-येता कमरेला लागते हो ती."

ती फळी म्हणजे रेडिओची फळी. ह्यांनी स्वतः भिंतीत ठोकलेली, म्हणून अर्थातच तिरकी, आणि खुर्चीत बसल्या बसल्या रेडिओचं बटण हाताला यावं म्हणून इतकी खाली. ती मला पहिल्या दिवसापासून आवडली नव्हती. तसं मी ह्यांना वेळोवेळी सांगितलंही होतं. वर बसलेला रेडिओ कधीचाच मुका झाला होता. माझं सगळं लक्ष खुर्चीत अडकलेलं. "काढा," मी म्हटलं. "मला काय करायचीय फळी?"

हे वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मला तर ते विसरता येत नाही.

ठोकाठोकी ऐकून एक दिवस सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. सेक्रेटरी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, म्हणजे पगारातून निवृत्त झालेले. खात्यातून ते अजून निघालेले नाहीत.

"काकू, सुतारकाम चालू आहे. अर्ज नाही."

"खुर्ची आहे हो, भिंत नाही पाडत."

"आवाज होतोय ना?"

"तोच तर होत नाहीये," मी म्हटलं.

त्यांनी छापील अर्ज दिला. कामाचे स्वरूप या ओळीवर मी जे खरं तेच लिहिलं: 'खुर्चीला आवाज बसवणे.' सेक्रेटरींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"काकू, इथे नळ चालतो, रंग चालतो, फरशी चालते. आवाज आमच्याकडे फक्त तक्रारीत येतो."

"मग तक्रार म्हणून घ्या. आवाज येत नाही, अशी माझी तक्रार आहे."

"कोणाविरुद्ध?"

मी मुलाकडे बघितलं. तो परत खिडकीबाहेर बघायला लागला.

सेक्रेटरींनी विचार केला. मग आवाज खाली आणून म्हणाले, "त्याहून मोठी अडचण आहे. तुमच्या या खुर्चीविरुद्ध खालच्यांची तक्रार अजून निकाली निघालेली नाही. एकीकडे आवाजाची तक्रार प्रलंबित, दुसरीकडे तोच आवाज बसवायला परवानगी. समितीने तोंड कुठे लपवायचं? खालच्यांचं ना-हरकत आणा."

आता आली का पंचाईत! ज्या माणसाशी हे जिन्यात एक शब्द बोलले नाहीत, त्याच्या दारात मी जायचं, आणि काय मागायचं? तर तुम्हाला ज्याचा त्रास व्हायचा तो त्रास परत सुरू करायला आपली परवानगी असावी. मी चांगली साडी नेसले. अपमान व्हायचाच असेल तर तो बऱ्या कपड्यांत व्हावा.

दार त्यांनीच उघडलं. अंगाने भारी माणूस, गुडघ्यांनी दगा दिलेला. मी सगळं सांगितलं. पाठीमागे त्यांच्या बायकोने पदराने तोंड दाबलं, हसू आलं की रडू, मला दिसलं नाही. ते मात्र गंभीर.

"वहिनी, न ऐकता मी सही कशी करू? वर येतो. आवाज ऐकतो. मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीत ही सभा भरली. सेक्रेटरी अर्ज घेऊन, गॅरंटी हत्यारं घेऊन, समोरच्या बाई सल्ले घेऊन. खालचे गृहस्थ उभ्यानेच म्हणाले, "वाजवा."

मुलगा बसला. उठला. त्या दिवशी खुर्ची चिरचिरत होती.

"छे!" ते म्हणाले. "हे काय? हे तर पिल्लू ओरडतंय. अहो, त्यांचा आवाज असा नव्हता. सुरुवातीला कोरडा. मग मध्ये अडकायचा, अगदी थोडा. आणि मग सुटायचा. भारदस्त! खालून ऐकताना वाटायचं, कोणीतरी मोठा माणूस उठला."

माझ्या पोटच्या मुलाला जे आठवत नव्हतं, ते या माणसाला अक्षर न् अक्षर पाठ होतं. मी तो आवाज इतकी वर्षं मायेने ऐकला आणि या गृहस्थांनी रागाने ऐकला, पण ऐकला दोघांनी सारखाच लक्ष देऊन. मध्ये थोडा अडकायचा, हे मला वाटायचं फक्त मलाच ठाऊक आहे.

"आणि इथून कसा येईल?" ते पुढे म्हणाले. "आमच्याकडे मागच्या खोलीत यायचा तो. इथे खाली आमचं कपाट आहे."

मग खुर्चीची मिरवणूक मागच्या खोलीत. गॅरंटी आणि मुलगा खुर्ची धरून, मागे आम्ही सगळे. खुर्ची खिडकीपाशी, तिच्या जुन्या जागी ठेवली. गॅरंटीला वाटलं, इथे मोठी माणसं बोलत बसणार, तोवर आपण आपलं दुसरं काम उरकावं. त्याने रेडिओ उचलून माझ्या हातात दिला आणि फळीच्या पलीकडच्या टोकाच्या स्क्रूला हत्यार लावलं.

"बसून बघा की तुम्हीच," सेक्रेटरी खालच्यांना म्हणाले. "समितीपुढे प्रत्यक्ष अनुभव लागतो."

ते अवघडून बसले. खुर्ची एकदा डुगडुगली आणि त्यांच्या वजनाखाली निमूट उभी राहिली. त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "इथे बसायचे होय," असं काहीसं पुटपुटले. मी रेडिओ छातीशी धरून उभी. मला ते बघवेना. त्या खुर्चीत ह्यांच्या अंगाचं, ह्यांच्या वयाचं कोणीतरी बसलेलं, आणि तोही नेमका हा माणूस. मी रेडिओ पलंगावर ठेवला आणि पाणी आणते म्हणून स्वयंपाकघरात गेले.

"हं, उठा आता," सेक्रेटरींचा आवाज आला.

"थांबा हो, गुडघे आहेत माझे, अर्ज नाहीत."

मग जरा धडपड. कोणीतरी म्हणालं, "हात देऊ का?" ते म्हणाले, "नको, नको, धरतो मी."

आणि मग, कर्रर्र.

आधी कोरडा. मग थोडा अडकला. मग सुटला.

आणि त्यामागून जमिनीला, खालून, ठक ठक.

मी खाली बघितलं तेव्हा गॅस पेटलेला होता, आधण चढलेलं होतं आणि ओट्यावर कप काढलेले होते. घरात इतकी माणसं, आणि मी कप दोनच काढले होते.

"आई!" मुलाची हाक आली. "आई, खुर्ची नव्हे! फळी! फळी वाजते!"

मी जाऊन बघितलं. खालचे गृहस्थ अर्धवट उठलेले, सगळा भार तळहातावर, आणि तळहात ह्यांच्या तिरक्या फळीवर. त्यांनी भार टाकला की फळी भिंतीतल्या लोखंडावर करकरायची, तिथून भिंतीत, तिथून थेट खाली. मी ती फळी रोज पुसत होते. पण फडक्याने फळी कशी करकरणार? तिच्यावर आपलं सगळं वजन टाकून उठणारा माणूस एकच होता.

इतक्या वर्षांत मी ह्यांना उठताना कधी बघितलंच नव्हतं. मी कायम स्वयंपाकघरात. ऐकायचं आणि गॅस पेटवायचा. ह्यांचे गुडघे इतके दुखत होते की उठायला आधार लागायचा, हे ह्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि खुर्चीच्या नावावर खपवलं. मला ह्यांचा थोडा राग आला. बऱ्याच दिवसांनी आला, बरं वाटलं.

"मला वाटलंच होतं," गॅरंटी म्हणाला. ज्याने जन्मात परत येणार नाही असा आवाज काढून दाखवला होता, तोच हा. "मावशी, इकडून एक स्क्रू जास्तीचा मारला की हा आवाजसुद्धा बंद. गॅरं—"

"त्या फळीपासून लांब हो," मी म्हटलं. मी कसं म्हटलं ते मला माहीत नाही, पण तो हत्यारासकट दारात जाऊन उभा राहिला. मग परत आला आणि सैल केलेला स्क्रू जेवढा होता तेवढाच, अगदी तेवढाच, पिळून दिला. सूनबाई त्याच्या डोक्यावर उभी होती. "जास्त नको हं दादा," ती सांगत होती. "जुना होता तसाच ठेव."

"पण खाली कोण वाजवतंय?" समोरच्या बाईंनी विचारलं. खरंच की! छत ठोकणारे तर आमच्या खुर्चीत होते.

तेवढ्यात जिन्यातून त्यांची बायको आली, हातात झाडू तसाच. "अहो," ती दारातूनच नवऱ्याला म्हणाली, "आवाज आला आणि तुम्ही घरात नाही. मग कोणीतरी वाजवायला नको?" आणि मग माझ्याकडे बघून, एकदम ओशाळून, "माफ करा हं वहिनी. हात आपोआप गेला."

"माझाही गेला," मी म्हटलं, आणि तिला चहाचा कप दाखवला.

सेक्रेटरींपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. खुर्ची निर्दोष सुटली होती. म्हणजे तिच्याविरुद्धची तक्रार रद्द, आणि खालच्यांना हवी असल्यास फळीविरुद्ध नवीन करावी लागणार. त्यांनी तसं खालच्यांना विचारलं. खालच्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मागे घेऊ का वहिनी?"

"नको," मी म्हटलं. "जुनी आहे, राहू द्या."

सूनबाईचं टेबल आता बाहेरच्या खोलीत आहे. फळीच्या कोपऱ्याला तिने स्पंजचा तुकडा चिकटवला आहे, कमरेला लागू नये म्हणून. खुर्ची मागच्या खोलीत परत गेली. पॉलिशचे पांढरे डाग तिला शोभतात, तिचं वय दिसतं. रेडिओ मुलगा दुरुस्तीला नेतो म्हणाला होता. मी म्हटलं, "आधी मला विचार." तो म्हणाला, "विचारतोय ना." म्हणजे शिकतो आहे.

आणि खालचे गृहस्थ रोज संध्याकाळी वर येतात. पहिल्या दिवशी ते चष्मा विसरल्याचं निमित्त करून आले होते. आता निमित्तही करत नाहीत. फारसं बोलत नाहीत, खिडकीबाहेर बघतात. मी स्वयंपाकघरातच असते, ती माझी जागा. माणसं एकमेकांकडे बसायला जातात, ते माझ्याकडे उठायला येतात.

कर्रर्र होतं. मी गॅस पेटवते. खालून ठक ठक होतं. ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहतात आणि त्यांना कळत नाही काय बोलावं. म्हणून मीच म्हणते.

"पोच आली."